स्वतंत्र कलावंत आणि दिवसाची घडी

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये विश्रामबाग वसले आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू झालेले, आज वालचंद यांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे हा परिसर विद्येचे केंद्र बनला आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी न पत्करता चित्रकला, छायाचित्रण, लेखन किंवा सजावट यांवर स्वतंत्रपणे उपजीविका करू इच्छिणारे तरुणही असतात. या व्यवसायात हजेरीपट नसतो, वरिष्ठ नसतो आणि पहिल्या तारखेचा पगारही नसतो. दिवसाची घडी स्वतःच बसवावी लागते. ती कशी बसवावी, याचा धडा जवळच मिरजेत पाहावयास मिळतो.

मिरजेचा वस्तुपाठ

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रारंभ झाला. हत्यारांना धार लावण्याचा धंदा ओसरू लागल्यावर फरीदसाहेब शिकलगार या कलेकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले.

वाद्यासाठी लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो वाळविणे, कापणे, त्यास लाकडी गळा व दांडी जोडणे, कोरीवकाम, पॉलिश, तारा चढविणे आणि अखेर घोडीची जवारी काढणे, असा हा क्रम आहे. यांतील कोणताही टप्पा घाईने उरकता येत नाही. एका वाद्याचा सांधा सुकत असताना दुसऱ्याचे काम हाती घेता येते. दमट हवेत पॉलिश नीट बसत नाही. म्हणून ऋतूचाही विचार करावा लागतो. जवारीची पारख कानानेच होते आणि थकलेला कान फसवितो.

दिनक्रमाची आखणी

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सर्वांत कठीण काम मन ताजे असताना करावे; एक काम थांबले असता दुसरे पुढे न्यावे; आणि मंदीच्या महिन्यांची तरतूद तेजीत करावी. सकाळचे तीन-चार तास निर्मितीसाठी राखून पत्रव्यवहार, हिशेब व बिले दुपारी हातावेगळी करावीत. सायंकाळी व्यायाम व वाचन आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. जागरणे करून काम एखाद्या वेळी निभावते. नित्याची जागरणे मात्र डोळे, पाठ आणि कल्पकता या तिन्हींवर आघात करतात. मिळकत एकदम खर्च न करता तीतून दरमहा ठराविक रक्कमच घरखर्चास घ्यावी. काम स्वीकारताना अटी लेखी असाव्यात व काही रक्कम आगाऊ घ्यावी.

यंत्रणेची जबाबदारी

परंतु बिल वेळेवर न मिळाल्यास उत्तम दिनक्रमही कोलमडतो. हातखर्चासाठी कलावंत मिळेल ते काम रात्री-अपरात्री स्वीकारतो आणि घडी विस्कटते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावयाचे असते. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. कलावंतांनी ती करून घ्यावी. शाळेच्या भिंती रंगविणारा चित्रकार असो वा ग्रामपंचायतीचे फलक लिहिणारा कारागीर, त्याचे देयक मुदतीत मंजूर करणे हे संबंधितांचे कर्तव्य आहे.

शिक्षकांनीही चित्रकलेत गती असलेल्या विद्यार्थ्यास हिशेबाची वही ठेवण्याची सवय लावावी. कलेला शिस्तीची जोड मिळाली, तरच ती आयुष्यभर पोट भरू शकेल.