रँकिंग नाही, तरी खेळता येईल?

प्रश्न : मी दहावीत आहे, टेनिस खेळतो. रँकिंग नसेल तर स्पर्धेत घेत नाहीत, असे मित्र म्हणतात. खरे आहे का?
– एक विद्यार्थी, चाकूर

उत्तर : हा गैरसमज आहे. रँकिंग स्पर्धा खेळूनच मिळते. पहिली वाट शाळेची : क्रीडाशिक्षकांमार्फत १७ वर्षांखालील जिल्हा शालेय स्पर्धेत नाव दे, पुढे विभाग, मग राज्य. दुसरी वाट : जन्मदाखला देऊन अखिल भारतीय टेनिस संघटनेकडे नोंदणी कर आणि तिच्या ‘टॅलेंट सिरीज’ या स्पर्धांपासून सुरुवात कर. सुरुवातीच्या सामन्यांत रेषेचा निर्णय बहुधा खेळाडूच देतात. चेंडू रेषेला निसटता लागला तरी तो आतच धरायचा. प्रवेशाची मुदत चुकवू नकोस, बोर्डाच्या तारखाही सांभाळ. पहिल्याच फेरीत हरलास तरी खचू नकोस. पुढच्या स्पर्धेत नाव दे.