दिव्यांची माळ आणि घरची वीज

दिवाळीस दुकानाच्या दर्शनी भागावर दिव्यांच्या माळा लावण्याची आपल्या बाजारपेठेत जुनी रीत आहे. पूर्वी पणत्या असत, पुढे विजेचे तारेचे दिवे आले आणि आता त्यांची जागा एलईडीने घेतली आहे. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळेच पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. हा दिवा वीज थोडी खातो, म्हणून तो निर्धोकही असावा, अशी समजूत मात्र बरोबर नव्हे. धान्य आणि बारदान यांच्या सान्निध्यात ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

आपल्या लालबागेजवळील कुंडी भंडाऱ्याचे पाणी उताराच्या एकाच दिशेने वाहते. एलईडीस वीजही तशीच एकाच दिशेने वाहणारी हवी असते. घरची वीज मात्र दर सेकंदास पन्नास वेळा मागे-पुढे होते. शिवाय तिचा दाब २३० व्होल्ट, आणि एका पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट पुरतात. यास्तव वीज एकदिश करणारे, दाब उतरविणारे आणि प्रवाहास मर्यादा घालणारे साधन मध्ये असावेच लागते. घरातील एलईडी बल्बच्या बुडाशी हे साधन बसविलेले असते.

स्वस्त माळेत हे काम काटकसरीने उरकलेले असते. अनेक दिवे एकापुढे एक जोडून उरलेला दाब एका रोधकावर सोडतात. याचा हिशेब पाहू. सोयीसाठी दाब स्थिर २३० व्होल्ट धरू. ६० दिव्यांनी प्रत्येकी ३ प्रमाणे १८० व्होल्ट घेतले. बाकी ५० रोधकावर पडले. रोधक २,५०० ओहमचा असल्यास प्रवाह २० मिलिअँपिअर होतो व रोधकात १ वॅट उष्णता निघते. आता बिघडलेले दहा दिवे कापून कोणी तार जोडली, तर रोधकावर ८० व्होल्ट पडतात, प्रवाह ३२ मिलिअँपिअर होतो आणि उष्णता अडीच वॅटांवर जाते. माळ पुन्हा पेटली म्हणून आपण समाधान मानतो. परंतु रोधक तापत राहतो, आणि त्याखाली बारदान असेल तर अनर्थ ओढवतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. अशा माळेची प्रत्येक तार थेट घरच्या विजेशी जोडलेली असते. उंदराने वेष्टन कुरतडले आणि ती तार लोखंडी शटरास टेकली, तर सर्व शटर विजेने भारले जाते. बटण शून्याच्या तारेवर बसविलेले असेल, तर ते बंद करूनही माळेत वीज राहतेच. माळ बांधावयास शिडीवर बहुधा आपण चढत नाही, दुकानातील पोऱ्या किंवा हमाल चढतो. त्याच्या जिवाची जबाबदारी धन्याचीच होय.

यास्तव १२ व्होल्टची पट्टी आणि घरच्या विजेपासून पूर्णपणे विलग असा चांगला अडॅप्टर घ्यावा. दर मीटरास ४.८ वॅट घेणारी पाच मीटर पट्टी २४ वॅट, म्हणजे २ अँपिअर घेते. तिला ३ अँपिअरचा अडॅप्टर द्यावा. काठोकाठ भार घालू नये. अडॅप्टर पोत्यांपासून दूर, हवेशीर जागी टांगावा. शटरास अर्थिंग असावे. मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारे साधन बसवावे, आणि त्याच्या चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. दुकान वाढविताना माळेचा प्लग काढूनच कुलूप लावावे.

ज्या व्यापाऱ्यास पोत्यामागील तोलाईचा हिशेब तोंडपाठ असतो, त्यास व्होल्ट आणि अँपिअर यांचा हा हिशेब अवघड नाही. माळेच्या खरेदीत वाचविलेले शंभर रुपये एका माणसाच्या जिवापुढे अथवा भरलेल्या गोदामापुढे कोणत्या खाती जमा धरावयाचे, हे सुज्ञ बंधूंनीच ठरवावे.