इमिग्रंट व्हिसाचे कागद स्कॅन करताना

अमेरिकेत नागरिक झालेल्या भावाने किंवा बहिणीने आपल्यासाठी आय-१३० अर्ज भरला, की एफ ४ श्रेणीत भारतातल्या भावंडाचा नंबर लागायला पंधरा वर्षांहून जास्त काळ जातो. आई-वडिलांना असं थांबावं लागत नाही. पण दोघांच्याही वाट्याला एक टप्पा सारखाच येतो. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ इथल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडून, म्हणजे एनव्हीसीकडून मेल येतो. मुंबईत मुलाखत व्हायची असेल तर केस नंबरची सुरुवात बीएमबी या अक्षरांनी असते. मग फी, डीएस-२६० फॉर्म आणि कागदपत्रं. हे कागद थेट एनव्हीसीला मेल करायचे नसतात, सीईएसी नावाच्या पोर्टलवर चढवायचे असतात. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे काम तिकडचा भाऊ, मुलगी नाहीतर भाचा करतो आणि सांगली-नाशिकहून त्याच्या मेलवर स्कॅन जातात. घोळ होतो तो याच टप्प्यावर. म्हणून ही कृती सविस्तर देत आहे.

आधी वाचा, मग स्कॅन करा

स्कॅनर चालू करण्याआधी सगळे मूळ कागद टेबलावर मांडा. प्रत्येक अर्जदाराचा पासपोर्ट आणि जन्मदाखला, वय सोळा किंवा जास्त असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणजे पीसीसी. लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र. आधीचं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा, पहिला जोडीदार वारला असेल तर मृत्युदाखला. आधार, पॅन, रेशनकार्ड यांपैकी काही एनव्हीसी मागत नाही. उगाच पाठवू नका.

आता एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी उतरवा: प्रत्येक दाखल्यावर नाव कसं लिहिलंय, जन्मतारीख काय आहे आणि आई-वडिलांची नावं कशी आहेत. स्पेलिंगसकट. माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे आणि तीच लोक गाळतात. माहेरी कुसुम दत्तात्रय कुलकर्णी आणि सासरी मंगल श्रीकांत जोशी, हे आपल्याला सरळ वाटतं. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला ती दोन वेगवेगळी माणसं दिसतात. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र, राज्य शासनाचं राजपत्र किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र यांपैकी जे असेल ते त्याच गठ्ठ्यात लावा. भावंडांच्या अर्जात तर नातं सिद्ध होतं ते आई-वडिलांच्या नावांवरूनच. भावाच्या दाखल्यावर वडील ‘दत्तात्रय’ आणि तुमच्या दाखल्यावर ‘दत्तू’ असतील, तर ते आज कळलेलं बरं, मुलाखतीच्या खिडकीपाशी नको.

जन्मदाखल्याचं प्रकरण जरा लांब आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांची नोंदच सापडत नाही. अशा वेळी गावच्या किंवा महापालिकेच्या निबंधकाकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. सोबत आई-वडिलांपैकी कोणी हयात असेल तर त्यांचं, नाहीतर तुमच्याहून वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. त्यात तुमचं त्यांच्याशी नातं, ते तुम्हाला कसे ओळखतात, तुमची जन्मतारीख, जन्मगाव आणि आई-वडील दोघांची नावं यायला हवीत. शाळा सोडल्याचा दाखला जोडीला लावा, पण एकट्या शाळेच्या दाखल्यावर काम भागेल असं समजू नका. काही जुन्या जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरीच असते किंवा नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं असतं. बारशाआधी नोंद झाली आणि पुढे कोणी नाव घालायला गेलं नाही, एवढंच त्याचं कारण. असा दाखला तसाच स्कॅन करू नका. नोंदणी कार्यालयात जाऊन नाव घालून घ्या आणि नवा दाखला काढा.

पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. वयाच्या सोळा वर्षांनंतर दुसऱ्या एखाद्या देशात बारा महिने किंवा अधिक राहिला असाल, तर त्या देशाचंही लागतं. दुबई-मस्कतला नोकरी करून आलेल्यांनी हे आधी मार्गी लावावं. ते मिळायला वेळ जातो.

भाषांतर

फक्त मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर हवं. अलीकडचे जन्मदाखले दोन्ही भाषांत असतात, त्यांना गरज पडत नाही. जुना हस्तलिखित दाखला, शाळेचा दाखला, गाव नमुना १४ म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा यांना ते लागतंच. भाषांतराखाली भाषांतरकाराने सही करून दोन गोष्टी लिहून द्यायच्या: हे भाषांतर अचूक आहे आणि मला या दोन्ही भाषा नीट येतात. अर्जदाराने स्वतः भाषांतर करू नये. शिक्क्यातला मजकूर आणि समासातल्या नोंदीसुद्धा भाषांतरात आल्या पाहिजेत. नावांची स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवा.

स्कॅन

मूळ कागदच स्कॅन करा, झेरॉक्स नको. रंगीत स्कॅन करा, कागद तुम्हाला काळा-पांढरा दिसत असला तरी. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावरचा जांभळा गोल शिक्का घ्या. शाई फिकी, वरून निळी सही गेलेली. रंगीत स्कॅनमध्ये शिक्का आणि सही वेगळी ओळखू येते, काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये दोन्हींचा मिळून एक करडा डाग होतो. दाखला खरा आहे हे सांगणारी खूण नेमकी त्या डागात जाते.

रिझोल्यूशन ३०० डीपीआय ठेवा. ए-फोर कागदाचे त्यात २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. बारीक अक्षरालाही तेवढे पुरतात. ६०० ला नेलंत तर ठिपके चौपट होतात, फाईल फुगते आणि वाचणाऱ्याला जास्त काही दिसत नाही.

मागची बाजू विसरू नका. बऱ्याच दाखल्यांच्या पाठीवर शिक्के, फीची नोंद किंवा नोटरीचा मजकूर असतो. चारही कडा दिसल्या पाहिजेत, कोपरा कापलेला नको. घडी पडलेला कागद जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवून सपाट करा, इस्त्री फिरवू नका.

सपाट काचेचा स्कॅनर मिळाला तर उत्तम. लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर मोबाईलचा फ्लॅश चमकतो आणि नेमका नोंदणी क्रमांक त्या चकाकीखाली जातो. मोबाईलच घ्यायचा असेल तर फ्लॅश बंद करा, दिवसाच्या उजेडात खिडकीशेजारी बसा आणि साधा फोटो काढण्याऐवजी स्कॅनिंगचं ॲप वापरा. अशी ॲप्स आपणहून कागद ‘उजळ’ करतात, त्यात फिके शिक्के आणि उठावाचे ठसे पुसले जातात. म्हणून फिल्टरमध्ये मूळ रंगाचा पर्याय निवडा. खाडाखोड, डाग, वाचता न येणारं अक्षर संगणकावर ‘दुरुस्त’ करायला मात्र कधीही जाऊ नका. चांगल्या हेतूने केलेला बदलसुद्धा बनावट कागदात मोजला जाऊ शकतो आणि त्याची किंमत सगळ्या कुटुंबाला मोजावी लागते.

स्कॅन झाला की शंभर टक्के आकारात उघडा आणि नोंदणी क्रमांक मोठ्याने वाचा. अडखळलात तर पुन्हा स्कॅन करा.

फाईल

एक कागद, एक पीडीएफ. पुढची बाजू, मागची बाजू, भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र, सगळं एकाच फाईलमध्ये, याच क्रमाने. पानं सरळ फिरवलेली हवीत. कुटुंबातल्या चौघांचे जन्मदाखले एका फाईलमध्ये घालू नका, पोर्टलवर प्रत्येक अर्जदाराची जागा वेगळी असते. फाईलचं नाव रोमन अक्षरांत द्या: आडनाव, नाव, कागदाचा प्रकार. स्कॅनरने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवलंत, तर तिकडच्या माणसाला प्रत्येक फाईल उघडून बघावी लागते. झिप करू नका, पासवर्ड घालू नका. सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेल्या, डिजिटल सही असलेल्या पीडीएफ पोर्टलवर अडकतात असा अनुभव येतो. अशा दाखल्याची रंगीत प्रिंट काढून ती स्कॅन करणं सोपं पडतं. पोर्टलवर प्रत्येक फाईलला आकाराची मर्यादा असते. दोन एमबीच्या आत राहिलात तर बहुधा अडचण येत नाही.

मेल

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाईल जाताना सुमारे एकतृतीयांशाने फुगते. म्हणून एका मेलमध्ये १८ एमबीपेक्षा जास्त भरू नका. प्रत्येक अर्जदाराचा वेगळा मेल करा. विषयाच्या ओळीत केस नंबर आणि अर्जदाराचं नाव, मजकुरात जोडलेल्या कागदांची यादी. एखादा कागद अजून यायचा असेल तर तेही लिहा: ‘दादा, सुनीलचं पीसीसी अजून आलेलं नाही, आल्यावर वेगळं पाठवते.’ नंतर फोनवर दादाला प्रत्येक फाईल उघडून बघायला सांगा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला दाखला दाबला जाऊन धूसर होतो. तिथून पाठवायचाच झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

सायबर कॅफेत स्कॅन केलात तर निघण्यापूर्वी तिथल्या संगणकावरच्या फाईली रिसायकल बिनमधूनही काढून टाका आणि मेलमधून लॉगआउट करा. पासपोर्ट आणि जन्मदाखला एकत्र कुणाच्या हाती पडणं धोक्याचं आहे. फी किंवा कागद मागणारा मेल आला तर पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. अमेरिकी सरकारचे पत्ते ‘डॉट गव्ह’ने संपतात.

तिकडच्या माणसाला दोन गोष्टी आवर्जून सांगा. पोर्टलवर फाईल अपलोड करणं आणि सबमिट करणं या वेगळ्या पायऱ्या आहेत, नुसतं अपलोड करून थांबलात तर एनव्हीसी काहीच तपासत नाही. आणि एनव्हीसीचं पत्र आल्यानंतर वर्षभर काहीच संपर्क ठेवला नाही, तर केस रद्द होण्याची कारवाई सुरू होऊ शकते. एखादा कागद नाकारला तर घाबरू नका. कारण पोर्टलवर लिहिलेलं असतं, तेवढाच कागद दुरुस्त करून पुन्हा चढवायचा.

मूळ कागद कुरिअरने अमेरिकेला पाठवू नका. मुलाखतीच्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत ते तुमच्याच हातात असावे लागतात.