पाण्यावरील सूक्ष्म कृत्रिम माशी : ट्राउटला न खटकता माणसाला कशी दिसेल?

बुंदेलखंडातील गुरसराय (जि. झाशी) हे एकेकाळचे मराठी जहागिरीचे ठिकाण बेतवा आणि धसान या नद्यांच्या दरम्यान वसलेले आहे. येथे ट्राउट आढळत नाही. या माशाला साधारणतः २० अंश सेल्सिअसपेक्षा थंड व प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. ते हिमाचल प्रदेश, काश्मीर आणि निलगिरीच्या उंच प्रवाहांत मिळते. मात्र ट्राउटच्या आहारातील मेफ्लाय व कायरोनोमिड या गटांचे कीटक मैदानी नद्यांतही असतात. त्यामुळे ट्राउटच्या मासेमारीतील एका नेहमीच्या अडचणीचा अभ्यास गुरसरायच्या परिसरातही करता येतो.

अडचण कोणती?

मेफ्लायची अळीअवस्था पाण्यात पूर्ण होते. पंख फुटलेला कीटक पृष्ठभागावर येतो आणि उडण्यापूर्वी काही क्षण प्रवाहाबरोबर वाहतो. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा हा कीटकांतील एकमेव गण होय. वाहत्या कीटकाला ट्राउट खालून येऊन टिपतो. त्याच कीटकाची पिसे व धागे यांपासून केलेली, पाण्यावर तरंगणारी प्रतिकृती म्हणजे ‘ड्राय फ्लाय’.

गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. १८ ते २२ क्रमांकाच्या गळावरील कृत्रिम माशी जेमतेम ४ ते ७ मिलिमीटर लांब असते. निरोगी मानवी डोळ्याची सूक्ष्मभेदक्षमता सुमारे एक कोनीय मिनिट आहे. १० मीटर अंतरावर ती अंदाजे ३ मिलिमीटर भरते. म्हणजे एवढ्या अंतरावरील ४ मिलिमीटरची माशी दृष्टीच्या सीमेवरच असते. त्यात पाण्याची चमक व लाटा यांची भर पडते. चाळिशीनंतर गळाला दोरा ओवणेही कठीण होते, ही अडचण वेगळीच.

माशी दिसली नाही, तर ट्राउटने ती केव्हा घेतली हे कळत नाही. कृत्रिम वस्तू ओळखून तो ती चटकन थुंकतो. क्वचित उशीर होऊन गळ घशात खोल रुततो. असा मासा सोडून दिला तरी जगण्याची शक्यता घटते. ‘पकडा आणि सोडा’ हा नियम पाळणाऱ्या प्रवाहांवर म्हणूनच माशी दिसण्याला महत्त्व आहे.

दोन दृष्टी, दोन दिशा

माशी मोठी करणे हा सोपा उपाय वाटतो. परंतु सूक्ष्म कीटक टिपत असलेला ट्राउट मोठी माशी बहुधा नाकारतो. योग्य उपाय प्रकाशाच्या वक्रीभवनात सापडतो. पाण्याखालून बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसते. ३० सेंटिमीटर खोलीवरील माशाला पृष्ठभागावर सुमारे ६८ सेंटिमीटर व्यासाची ‘खिडकी’ मिळते. तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा भासतो. खिडकीत आलेली माशी उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर गडद आकृतीसारखी दिसते. ट्राउट प्रामुख्याने तिचा आकार आणि पृष्ठभागाला टेकलेला भाग पाहतो, तर माणूस तिचा वरचा भाग पाहतो. म्हणून खूण वर करावी आणि खालची बाजू नैसर्गिक ठेवावी. खिडकीच्या कडेला मात्र पंखांचा भाग ट्राउटलाही दिसतो. त्यामुळे खूण आखूड व बारीक असावी.

उपयुक्त उपाय

१. उभा तुरा : माशीच्या पाठीवर कृत्रिम धाग्याचा आखूड तुरा बांधून त्याभोवती कोंबड्याच्या मानेचे पीस आडवे गुंडाळावे. या रचनेस ‘पॅराशूट’ म्हणतात. माशी पाण्यालगत बसते, तुरा वर राहतो.

२. रंग पार्श्वभूमीनुसार : झाडांच्या सावलीतील गडद पाण्यावर पांढरा किंवा पिवळा तुरा उठून दिसतो. चकाकणाऱ्या रुपेरी पाण्यावर तोच पांढरा तुरा हरवतो. तेथे काळा तुरा सरस ठरतो. मिश्र प्रकाशात नारिंगी किंवा गुलाबी रंग उपयोगी पडतो.

३. जोडमाशी : पुढे सहज दिसणारी मोठी माशी आणि तिच्या गळाला बांधलेल्या ३० ते ४५ सेंटिमीटर दोऱ्याच्या टोकाला सूक्ष्म माशी ठेवावी. मोठी माशी थबकली किंवा तिच्यापासून तेवढ्या अंतरात पाणी हलले, तर काठी हळुवार उचलावी.

४. अंतर व प्रकाश : फेक ६ ते ८ मीटरपर्यंत मर्यादित ठेवावी. ध्रुवीकृत काचांचा चष्मा व रुंद काठाची टोपी वापरावी. चमक टाळेल अशी जागा निवडावी, मात्र स्वतःची सावली माशावर पडू देऊ नये.

काठावरचा प्रयोग

धसानच्या संथ डोहावर किंवा गावतळ्यावर हा प्रयोग सहज करता येतो. गळाचे टोक कापून समान आकाराच्या तीन माश्या घ्याव्यात. त्यांचे तुरे अनुक्रमे पांढरा, काळा व नारिंगी असावेत. प्रत्येक माशी ६, ८ आणि १० मीटरवर दहा-दहा वेळा टाकावी. पाच सेकंदांत ती किती वेळा सापडली, याची नोंद सकाळी, दुपारी व सायंकाळी वेगवेगळी ठेवावी. एकच रंग सर्व वेळी श्रेष्ठ ठरत नाही, हे नोंदींवरून लक्षात येईल.

शेतातील निरीक्षणाशी नाते

हेच तत्त्व पीक-निरीक्षणातही लागू पडते. गडद फुलकिडे पांढऱ्या कागदावर झटकल्यास चटकन मोजता येतात. फिकट फुलकिड्यांसाठी काळा कागद घ्यावा. पिवळा चिकट सापळा पांढऱ्या माशीला आकर्षित करतो, परंतु त्यावरील फिकट कीटक मोजण्यासाठी भिंग लागते. कीटकाला आकर्षित करणारा रंग आणि निरीक्षकाला स्पष्ट दिसणारा रंग हे एकच असतील असे नाही.

लक्षात ठेवावे : सूक्ष्म वस्तू दिसण्यासाठी तिचा आकार वाढवण्यापूर्वी पार्श्वभूमीशी असलेला तिचा विरोध वाढवावा. ट्राउटच्या प्रवाहावर जाण्यापूर्वी संबंधित राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा, प्रजननकाळातील बंदी पाळावी आणि उलटकाटा नसलेला गळ वापरावा.