तिसरी बेडरूम, पूल टेबल आणि फेरविक्रीचा भाव

प्रश्न : बाणेरला आमचा ३ बीएचके फ्लॅट आहे, २०१६ साली घेतलेला. तिसरी बेडरूम पाहुण्यांसाठी ठेवली आहे, पण एरवी ती बंदच असते. तिची हॉलकडची भिंत काढून तिथे आठ फुटी पूल टेबल, मोठा स्क्रीन, व्हिडिओ गेमसाठी बैठक आणि आवाज अडवणारी पॅनेल्स असा बेत आहे. इंटिरिअर डिझायनरने आठ लाखांचा अंदाज दिला आहे. ‘गेम रूम असलेलं घर पटकन जातं, विकताना पैसे वसूल होतात,’ असं त्याचं म्हणणं. पाच-सहा वर्षांनी हा फ्लॅट विकून मोठं घर घ्यायचा विचार आहे. हा खर्च किमतीत निघेल का? आणि भांडवली नफ्यावरच्या करात त्याची वजावट मिळेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न आधी घेतो. आठ लाख निघणार नाहीत. भिंत पाडलीत तर त्या आठ लाखांवर आणखी काही गमावण्याचीच शक्यता जास्त. डिझायनर तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. छान सजवलेली खोली पाहून लोक खूश होतात, हे त्याने पाहिलेलं असणार. पण खूश होणं वेगळं आणि त्यासाठी जादा पैसे मोजणं वेगळं, आणि जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात ते पैसे येणार कुठून हे एकदा नीट पाहिलं की उत्तर समोर येतं. फ्लॅटच्या किमतीवर ग्राहकाखेरीज आणखी दोघांची नजर असते. एक बँकेचा व्हॅल्युअर आणि दुसरा सरकारचा रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ता. रेडी रेकनर विभाग, क्षेत्रफळ, इमारतीचं वय, मजला असल्या गोष्टी पाहतो. आत पूल टेबल आहे की देव्हारा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. व्हॅल्युअर घरात येऊन फोटो काढून जातो खरा, पण त्याचा अहवाल मुख्यतः उभा राहतो तो त्याच परिसरात अलीकडे झालेल्या व्यवहारांच्या दरावर आणि कागदावरच्या क्षेत्रफळावर. हलवता येणारं सामान तो धरत नाही, आणि सजावट धरलीच तर हात राखून.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा तुमच्या फ्लॅटचा बाजारभाव १ कोटी २० लाख आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देऊ शकते, म्हणजे इथे ९० लाख. उरलेले ३० लाख ग्राहकाचे. वर पुण्यात पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. थोडक्यात, कर्ज मिळूनही त्याला ३८ लाख ७० हजार स्वतः उभे करायचे आहेत. आता तुम्ही गेम रूमचे आठ लाख वर मागितलेत आणि व्हॅल्युएशन १ कोटी २० लाखांवरच थांबलं, तर ते आठही लाख त्याच्या खिशातून जाणार, कारण कर्ज मोजताना बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरते. शिवाय ते करारात दाखवले तर मुद्रांक शुल्काचे आणखी ५६ हजार. ज्याने बचत, प्रॉव्हिडंट फंड आणि सासरची मदत असं सगळं गोळा करून ३९ लाख जमवलेत, तो आणखी साडेआठ लाख घालून दुसऱ्याच्या आवडीचं पूल टेबल घेईल का? त्याच पैशात त्याला शेजारच्या इमारतीत वरचा मजला किंवा दुसरं पार्किंग मिळत असतं.

याहून मोठा मुद्दा त्या भिंतीचा आहे. आपल्याकडे घराची ओळख बीएचकेच्या आकड्याने होते. एजंट पहिला प्रश्न तोच विचारतो आणि मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स यांसारख्या साइटवर माणूस शोधाची पहिली चाळणी तीच लावतो. भिंत गेली की तुमचा फ्लॅट कागदावर ३ बीएचके आणि डोळ्यांना २ बीएचके असा अधांतरी होतो. तीन खोल्या हव्या असलेला ग्राहक दारातूनच हिशोब मांडतो की भिंत पुन्हा बांधायची, प्लॅस्टर, वायरिंग, रंग, आणि तोवर भाड्याच्या घरात आणखी दोन महिने. दोन खोल्या हव्या असलेल्याला तुमचा भाव परवडत नाही. जागा वाढली म्हणून भाव वाढेल, ही आशाही सोडून द्या. रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियाच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंतींखालची जागा मुळातच मोजलेली असते. भिंत पाडल्याने हॉल ऐसपैस दिसेल, करारातला आकडा एका चौरस फुटानेही वाढणार नाही. आणि बाणेर-बालेवाडीत ३ बीएचके घेतो कोण? बहुतेक वेळा ज्याचे आईवडील सोबत राहतात किंवा पुढेमागे येणार आहेत, ज्याचं मूल दोन वर्षांत दहावीला जाणार आहे, किंवा नवराबायकोपैकी एकाचं ऑफिस घरातूनच चालतं असा माणूस. या तिघांनाही तिसऱ्या खोलीला दार हवं आहे, आणि ते बंद होणारं हवं आहे.

आता खुद्द पूल टेबलाकडे वळू, कारण हा भाग खर्चाच्या अंदाजपत्रकात हमखास सुटतो. आठ फुटी टेबलाचा खेळायचा पृष्ठभाग साधारण ८८ इंच बाय ४४ इंच असतो आणि नेहमीची क्यू सुमारे ५८ इंच लांब. कडेला चिकटलेला बॉल मारायचा तर चारी बाजूंना क्यूएवढी जागा लागते, म्हणजे खोली हवी १७ फूट बाय १३ फूट ४ इंच. पुण्यातली तिसरी बेडरूम १० बाय ११ असली तरी बरी म्हणायची. दहा फुटांच्या रुंदीत टेबल मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना ३८-३८ इंच उरतात, लांबीच्या बाजूला जेमतेम २२. म्हणजे एक तर आखूड क्यूने भिंतीला कोपर घासत खेळा, नाहीतर हॉल गिळा. डिझायनर भिंत पाडायला सांगतोय ते याच गणितापायी. टेबल टेनिसचीही तीच गत. टेबल ९ बाय ५ फुटांचं, पण खेळणारा मागे सरकणार कुठे? या मोजमापांत चपखल बसतो तो आपला कॅरम, २९ इंची चौकोन, खेळून झाला की कपाटामागे उभा.

यावर पहिला आक्षेप येईल तो व्हिडिओ पाहून. अमेरिकेतले घरविक्रीचे सल्लागार गेम रूमची इतकी तारीफ करतात, ते काय उगीच? उगीच नाही, पण ते घर वेगळं आहे. तिथल्या स्वतंत्र घरांना पुष्कळदा तळघर असतं, आणि जमिनीखालची ती जागा मूल्यांकनात मुख्य घराच्या क्षेत्रफळात न धरता वेगळी दाखवतात. पडीक तळघराची खेळाची खोली केली तर बेडरूम एकही कमी होत नाही. जे होतं त्यात भरच पडते. आपल्या फ्लॅटमध्ये गेम रूम होते ती कुठली तरी बेडरूम खाऊन. गंमत म्हणजे तिथेही दुरुस्तीवरचा खर्च आणि विक्रीत मिळणारी भर यांची तुलना करणारे जे वार्षिक अहवाल निघतात, त्यांत गॅरेजचं दार, घराचं पुढचं दार अशी साधी कामं वरच्या क्रमांकावर असतात आणि आलिशान नूतनीकरणं खाली. हौस जितकी खासगी, तितकी तिची वसुली कमी, हे तिकडचेच आकडे सांगतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फर्निश्ड फ्लॅटला भाव जास्त मिळतो, हे तर सगळेच पाहतात. मिळतो, मान्य. पण कशासाठी मिळतो ते पाहा. मॉड्युलर किचन, भिंतीतली कपाटं, चांगली बाथरूम, गळती नसलेलं छत. या गोष्टी पुढचा मालक पहिल्या दिवसापासून वापरणार असतो आणि त्यामुळे त्याचा तेवढा खर्च वाचतो. गेम रूमने त्याचा कुठलाच खर्च वाचत नाही. त्यातून तुमच्या भागातल्या बऱ्याच मोठ्या संकुलांत क्लबहाउस आहे, तिथे टेबल टेनिस आणि पूल असतं आणि त्याचे पैसे तो मेंटेनन्समधून भरणारच आहे. जुन्या, चाळीस सदनिकांच्या, क्लबहाउस नसलेल्या सोसायटीत चित्र थोडं वेगळं असेल, पण तिथेही मी भाव वाढेल असं म्हणणार नाही. फार तर फ्लॅट लक्षात राहील. खरा अपवाद निराळाच आहे. लोणावळा, अलिबाग, कर्जत किंवा गोव्यातल्या शिवोली-आसगावचे बंगले घेणारा माणूस राहायला कमी आणि सुट्टीला, भाड्याने द्यायला जास्त घेतो. तिथे पावसाळ्यात दिवसभर घरात अडकलेल्या दहा जणांना पूल टेबल म्हणजे करमणूक आणि मालकाला जाहिरातीतला एक फोटो. चार-पाच बेडरूमच्या बंगल्यात तळमजल्यावर वेगळी खोली असेल तर हा खर्च उत्पन्नाच्या बाजूने विचारात घेता येतो. तुमचं घर त्या जातीचं नाही.

आता कायद्याचं. हॉल आणि बेडरूममधली भिंत विटांची किंवा ब्लॉकची आहे की आरसीसीची, हे आधी नक्की करा. मिव्हन पद्धतीने बांधलेल्या इमारतींत आतल्या पुष्कळ भिंतीही काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. त्यांना हात लावायचाच नाही, मग डिझायनर काहीही म्हणो. ब्लॉकची भिंत असली तरी सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरफार करायला समितीची आगाऊ लेखी परवानगी लागते. भार पेलणाऱ्या भागाला धक्का लागला तर विषय महापालिकेकडे जातो, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली पूर्ववत करण्याची नोटीस येऊ शकते. हे सगळं नडतं ते विक्रीच्या वेळी. ग्राहकाची बँक मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर ताडून पाहते, सोसायटीकडे नाहरकत मागते, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने कधीकाळी दिलेला तक्रारअर्ज त्याच आठवड्यात फाइलमधून वर येतो. टोकन घेतल्यावर महिनाभर रखडलेला व्यवहार कुठल्याही सजावटीपेक्षा महाग पडतो.

कराच्या प्रश्नात मात्र तुम्ही विनाकारण आशा लावून बसला आहात. घरात केलेली भांडवली स्वरूपाची भर किंवा फेरफार हा ‘सुधारणेचा खर्च’ म्हणून नफ्यातून वजा होतो. पण पूल टेबल, स्क्रीन, खुर्च्या, गेमिंग कन्सोल या वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू. त्या घराच्या खर्चात येत नाहीत. वायरिंग, कायमची बसवलेली पॅनेल्स, फ्लोअरिंग यांचा दावा करता येईल, बिलं आणि बँकेतून दिलेले पैसे दाखवता आले तर. आठपैकी तीन लाख असे धरले, तरी १२.५ टक्के दराने कर वाचतो ३७,५०० रुपये आणि ४ टक्के उपकर धरून ३९,०००. फ्लॅट २३ जुलै २०२४ पूर्वीचा असल्याने तुम्हाला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही मोजून पाहता येईल. आकडा थोडा बदलेल, इतकंच. आणि तुम्ही तर मोठं घर घेणार आहात. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घेऊन सगळा नफा त्यात गुंतवलात, तर १० कोटींच्या मर्यादेत तो नफा करमुक्तच आहे. मग वजावट मिळाली काय, न मिळाली काय.

शेवटचा आक्षेप तुमच्या घरातूनच येईल, की सगळं विक्रीसाठीच करायचं का, पाच-सहा वर्षं आम्ही राहणार त्याचं काय? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मुलांनी मित्रांना घरी बोलवावं म्हणून तुम्ही पैसे घालणार असाल तर जरूर घाला, फक्त तो सहलीसारखा खर्च समजा आणि रक्कम त्या हिशोबाने ठरवा. भिंत आणि दार जागेवर राहू द्या. टेबल घ्यायचंच तर घडीचं किंवा लहान मापाचं घ्या. स्क्रीनसाठी पॉइंट असा काढा की उद्या तिथे अभ्यासाचं टेबल आलं तरी चालेल, कपाटं नेहमीच्या खोलीची ठेवा, भिंतींना काळा-जांभळा रंग देऊ नका. आवाजासाठी भिंतीवर पॅनेल लावण्याआधी दाराच्या फटी बुजवा आणि जमिनीवर जाड गालिचा घाला. खालच्यांना त्रास होतो तो मुख्यतः फरशीवाटे. एवढं दीड-दोन लाखांत बसेल आणि विकायच्या आदल्या आठवड्यात पलंग टाकून ती खोली परत बेडरूम म्हणून दाखवता येईल.

आणि एखाद्या ग्राहकाला खरंच ते सामान आवडलं, तर त्याची वेगळी यादी करून, वापरलेल्या वस्तूंच्या वाजवी किमतीला द्या. मुद्रांक शुल्क वाचवायला फ्लॅटच्या किमतीतले लाख-लाख या यादीत सरकवण्याची सूचना एजंट करेल. तिला नकार द्या. पैसे चेकने किंवा बँकेतून घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर लागू शकतो, म्हणजे तुमच्यावर.