घट भरताना

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझ्या नातवाच्या हाती जुन्या मोबाइलमधला एक चपटा घट लागला. गावी रात्री वीज जाते. तेव्हा या घटावर एखादा लहानसा दिवा चालवावा, अशी त्याची कल्पना. कल्पना उत्तम होती. परंतु घटाच्या कडेला चिकटपट्टीखाली दडलेली एक इवलीशी पट्टिका त्याला निरुपयोगी वाटली. ती त्याने कापून टाकली, मोबाइलच्या चार्जरची तार सोलून तिची टोके सरळ घटाच्या टोकांना जोडली आणि तो जेवावयास बसला. काही वेळाने पाहतो तो घट पुरीसारखा टम्म फुगलेला! मी बटण बंद केले, कोरड्या लाकडी पळीने घट उचलून अंगणातल्या वाळूच्या घमेल्यात ठेवला आणि आम्ही दोघे दूर ओसरीवर जाऊन बसलो. सुदैवाने तो पेटला नाही.

"आजोबा, चार्जर ५ व्होल्टचा आणि घट पावणेचार व्होल्टचा. एवढ्याशा फरकाने काय बिघडले?" त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. पण जन्मभर मराठी शिकविणाऱ्या मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. ते मी पुढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडून शिकून घेतले.

लिथियम-आयन घट १९९१ साली बाजारात आला. त्याचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटाच्या एका बाजूस ग्राफाइटचे आणि दुसऱ्या बाजूस धातूच्या ऑक्साइडचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक असतात. घट भरू लागला की लिथियमचे कण ऑक्साइडच्या पानांतून निघून ग्राफाइटच्या पानांत जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात. ४.२ व्होल्टपर्यंत हे येणे-जाणे सुखरूप चालते. त्यापुढेही वीज रेटीत राहिलो, तर ऑक्साइडची पाने ढासळू लागतात, ग्राफाइटमध्ये न मावलेले लिथियम धातुरूपाने वर साचते, आतल्या ज्वालाग्राही द्रवाचा वायू होतो आणि घट फुगतो. मोटारीतला शिशाचा घट थोडा अधिक भरला गेला, तर पाणी घालून भागते. येथे तशी सोय नाही. नातवाने कापलेली ती पट्टिका म्हणजे घटाचा पहारेकरीच होता!

म्हणून या घटाच्या चार्जरला दोन गोष्टी कळाव्या लागतात : किती वेगाने भरावयाचे आणि कोठे थांबावयाचे. आपण नळाखाली घागर भरतो तेव्हा आरंभी धार मोठी ठेवतो आणि पाणी गळ्याशी आले की ती बारीक करतो. तसेच हे आहे. प्रथम प्रवाह ठराविक ठेवावयाचा, दाब ४.२ व्होल्टला पोहोचला की तो तेथेच धरून प्रवाह आपोआप घटू द्यावयाचा. आणि प्रवाह मूळच्या एकदशांशावर आला की बंद.

हे सारे काम टीपी ४०५६ नावाची तांदळाच्या चारदोन दाण्यांएवढी चिप करते. ती बसविलेली पट्टी बाजारात तयार मिळते. घेताना संरक्षक मंडलासह असलेलीच घ्यावी. पैसा वाचविण्याची ही जागा नव्हे. पट्टीवर आत येणाऱ्या विजेची, घटाची आणि दिव्याची, अशी जोड्यांची टोके असतात. आम्ही नवा, १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा नळकांडी घट आणला. घटाला थेट डाख देऊ नये, कारण उष्णतेने तो बिघडतो. घट बसविण्याचा साचा मिळतो, त्याच्या तारांना डाख द्यावा. डाख मी दिला, तारा नातवाने धरल्या. मुलांनो, तुम्हीही हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करा. धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला जुळले आहे, हे दोनदा पाहावे. उलटे जोडल्यास पट्टी क्षणात जळते.

पट्टीवरील १.२ किलोओहमचा रोधक प्रवाह सुमारे १ अँपिअर ठेवतो. आमच्या २००० मिलिअँपिअर-तासांच्या घटाला तो मानवतो. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या लहान घटाला मात्र तो फार होईल. त्यासाठी ५ किलोओहमचा रोधक बसविला की प्रवाह पाव अँपिअरवर येतो. ज्या घटाचा दाब अडीच व्होल्टच्याही खाली गेला आहे, जो फुगला आहे किंवा चेपला आहे, तो भरण्याच्या भरीस पडू नये. आमचा फुगलेला घट आम्ही वाळूसकट डब्यात घालून तालुक्याच्या गावी ई-कचरा घेणाऱ्याकडे पोहोचविला.

चार्जर फरशीवर ठेवून आम्ही वीज दिली. पट्टीवर तांबडा दिवा लागला. नातू दर दहा मिनिटांनी मापकाने दाब पाही आणि वहीत मांडी : ३.६, ३.८, ३.९... तो प्रथम भराभर चढला, मग रेंगाळला. जेवणाचे बोलावणे आले, तरी तो उठेना. सुमारे तीन तासांनी तांबडा दिवा मालवून निळा लागला. मापक ४.१९ दाखवीत होता. त्याने आपल्या हाताने बटण बंद केले, वहीत वेळ लिहिली आणि मग तो पानावर बसला.