मधुमेही सायकलस्वार

शरीरशास्त्राच्या पुस्तकांत स्वादुपिंडाविषयीं चार ओळी असतात व परीक्षा संपली कीं त्या आपण विसरतों. ज्याच्या शरीरांत या इंद्रियानें इन्शुलिन करण्याचें सोडून दिलें आहे, त्यास मात्र त्या क्षणभरहि विसरतां येत नाहींत. अशा एका मनुष्यानें सायकलच्या शर्यती हाच आपला व्यवसाय केला.

फिल सदरलँड हा अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानचा. १९८२ सालीं तो जन्मला आणि अवघ्या सात महिन्यांचा असतांना त्यास पहिल्या प्रकारचा मधुमेह झाल्याचें आढळलें. हा मुलगा पंचविशीपलीकडे जगेल असें वाटत नाहीं, असें डॉक्टरांनीं त्याच्या आईस सांगितलें. आपल्याकडे आजोबांना असतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यांत इन्शुलिन असतें, पण तें नीट लागू पडत नाहीं. पहिल्या प्रकारांत तें जवळजवळ नसतेंच. १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोचण्यांत आलें. तत्पूर्वीं अशीं मुलें फार दिवस जगत नसत.

आतां शर्यतींत काय घडतें तें पाहूं. निरोगी मनुष्य सायकल हाणूं लागला कीं त्याचें स्वादुपिंड आपण होऊन इन्शुलिन कमी करतें, यकृत सांठविलेली साखर सोडतें, आणि त्याला त्याची वार्ताहि नसते. मधुमेह्यास हाच हिशेब डोक्यानें करावा लागतो. एकदां टोचलेलें इन्शुलिन परत घेतां येत नाहीं. स्नायु तर साखर ओढीतच असतात. शंभर मिलिलिटर रक्तांत ती ७० मिलिग्रॅमांखालीं गेली कीं हात कांपतात, घाम सुटतो, बुद्धि गोंधळते. चढणीवर घाम कोणास येत नाहीं? हा थकवा कीं साखरेची उतरण, हें ओळखणेंच कठीण! उलट, शर्यत सुरू होण्यापूर्वींच्या उत्कंठेनें साखर चढते. ती पाहून घाबरून जास्त इन्शुलिन घ्यावें, तर तासाभरानें तेंच अंगावर येतें. म्हणून दंडावरील लहानशा यंत्राकडे त्याचें लक्ष असतें, आणि पाठीवरच्या खिशांत चक्क गोड खाऊ असतो. मधुमेह्यानें साखरेस शिवूं नये, एवढेंच ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस याचें नवल वाटेल.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. इन्शुलिन हें खेळाडूंस निषिद्ध औषध आहे. मधुमेही स्वारास त्यासाठीं रीतसर परवानगी काढावी लागते. ज्यावांचून तो जगूं शकत नाहीं, त्याचीच परवानगी!

कॉलेजांत असतांना सदरलँडला जो एल्ड्रिज हा दुसरा मधुमेही सायकलस्वार भेटला. एल्ड्रिज प्रकृतीकडे दुर्लक्ष करी. उपदेश करीत न बसतां दोघांनीं पैज लावली कीं, ज्याची साखर अधिक भरेल त्यानें दुसऱ्यास जेवण द्यावें. मला स्वतःला या हकीकतींत ही पैजच सर्वांत शहाणपणाची वाटते. याच स्नेहांतून २००५ च्या सुमारास त्यांचा ‘टीम टाइप वन’ हा संघ उभा राहिला. २००७ सालीं या संघानें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें तीन हजार मैलांची सांघिक शर्यत, आळीपाळीनें रात्रंदिवस सायकल चालवून, सहा दिवसांच्या आंत जिंकली. सदरलँड त्या वर्षीं पंचवीस वर्षांचा होता.

२०१३ पासून हाच संघ ‘टीम नोव्हो नॉर्डिस्क’ या नांवानें, सर्वच स्वार मधुमेही असलेला व्यावसायिक संघ म्हणून उतरूं लागला. इन्शुलिनच्या शोधास शंभर वर्षें होत होतीं त्या २०२१ सालीं ‘टूर द फ्रान्स’मध्यें भाग घ्यावा, असा त्यांचा मनोदय होता, तो सिद्धीस गेला नाहीं. मात्र त्याच वर्षीं मार्चमध्यें मिलानहून सान रेमोपर्यंतच्या, जवळजवळ तीनशे किलोमीटरांच्या शर्यतींत शार्ल प्लाने व आंद्रेआ पेरॉन हे या संघाचे दोघे, कांहीं इतर स्वारांसह, मुख्य घोळक्यास मागें टाकून प्रारंभींच पुढें निसटले आणि कित्येक तास आघाडीवर राहिले. शेवटीं घोळक्यानें त्यांस गाठलें, व शर्यत बेल्जियमच्या यास्पर स्टॉयव्हननें जिंकली.